एक शब्द, चार घरे : इंग्रजीतील ‘साउंड’
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजीच्या अभ्यासाविषयी चार शब्द बोलावेत, असे संयोजकांनी मला सुचविले. चार शब्दांऐवजी मी आज एकच शब्द घेऊन आपल्यासमोर उभा आहे. तो शब्द म्हणजे ‘साउंड’. आपण म्हणाल, हा कसला विषय? साउंड म्हणजे आवाज, हे प्राथमिक शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. लग्नाच्या मांडवात कर्णे लावणाऱ्याच्या गाडीवरसुद्धा ‘साउंड सर्व्हिस’ असे रंगविलेले असते. ते खरेच आहे. परंतु इंग्रजीत नापास होणारी आपली बहुतेक मुले अवघड शब्दांपाशी अडत नाहीत. अवघड शब्द आला की मूल कोश उघडते, शिक्षकांना विचारते. फसवितात ते सोपे शब्द, कारण ते आपल्याला येतात अशी आपली खात्री असते.

उदाहरण म्हणून तीन वाक्ये घ्या. ‘साउंड द अलार्म’, ‘साउंड द टँक’ आणि ‘द टँक इज साउंड’. शब्द तोच, उच्चार तोच, स्पेलिंग तेच. पहिल्या वाक्याचा अर्थ धोक्याची घंटा वाजव. दुसऱ्याचा अर्थ टाकीत पाणी किंवा तेल किती आहे ते मोज. तिसऱ्याचा अर्थ टाकी धडधाकट आहे, कोठे गळती वा मोडतोड नाही. आता जहाजावर नव्याने लागलेल्या एखाद्या तरुणाची कल्पना करा. त्याने साउंड म्हणजे आवाज एवढेच पाठ केले आहे आणि अधिकाऱ्याने त्याला टाकी साउंड करायला सांगितले आहे. तो काय करील? टाकीवर हातोडा मारून आवाज काढील! हसू नका. ज्या समाजातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर जात आली आहेत, त्या समाजाने हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे.

एकाच शब्दाला इतके वेगळे अर्थ कसे चिकटले? खरे उत्तर असे की हा एक शब्द नाहीच. चार वेगळ्या घरांतून आलेले चार शब्द इंग्रजीत येऊन एकाच कपड्यात उभे राहिले आहेत. आपल्या भाषांतही असे घडते. मराठीत ‘नाव’ म्हणजे नामही आणि होडीही. एक संस्कृत ‘नाम’पासून आले, दुसरे ‘नौ’पासून. जुन्या पुस्तकांत नाम या अर्थाच्या शब्दावर अनुस्वार देऊन ‘नांव’ असे लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर तो अनुस्वार गेला आणि दोन्ही शब्द सारखे दिसू लागले. उर्दू शिकणाऱ्या मुलांना आणखी एक उदाहरण देतो. ‘आम’ म्हणजे आंबा आणि ‘आम’ म्हणजे सर्वसाधारण. उर्दू लिपीत पहिला अलिफने लिहितात, दुसरा ऐनने. म्हणून डोळ्यांना फरक कळतो. नागरीत लिहिले की फरक नाहीसा होतो. साउंडचे नेमके असेच झाले आहे.

आता ही चार घरे एकेक करून पाहू.

पहिले घर आवाजाचे. लॅटिन भाषेत आवाजाला ‘सोनस’ म्हणत. त्यापासून फ्रेंचमधला ‘सॉन’ झाला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत आला त्यात हाही आला. सुरुवातीला इंग्रज त्याला ‘सून’ असे काहीसे म्हणत. शेवटी ‘ड’ नव्हता. हा ‘ड’ मागाहून, पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास, बोलता बोलता चिकटला आणि मग कायमचा झाला. लॅटिन ‘सोनस’ आणि आपल्याकडचा संस्कृत ‘स्वन’ हे एकाच प्राचीन मुळापासून निघालेले भाऊ आहेत. मराठीचे भाषाशास्त्रज्ञ ‘स्वन’, ‘स्वनिम’ असे शब्द वापरतात ते याच घराण्यातले. दवाखान्यातल्या सोनोग्राफीतला ‘सोनो’ही तोच, त्याचा सोन्याशी काही संबंध नाही. उलट अरबीतला ‘सौत’ हा शब्द आवाज याच अर्थाचा असून उच्चाराने साउंडजवळ जातो, पण त्याचे घराणे अगदी निराळे आहे. म्हणून दोन शब्द सारखे ऐकू आले की लगेच त्यांचे नाते जोडू नये. हा मोह आपल्याकडे फार आहे.

या पहिल्या अर्थाबाबत आपल्या मुलांची एक अडचण होते. मराठीत आणि उर्दूत ‘आवाज’ हा एक शब्द सर्वत्र चालतो. गाणाऱ्याचा आवाज, समुद्राचा आवाज आणि ‘आवाज करू नका’, सगळीकडे आवाजच. इंग्रजीत याचे तीन वाटे होतात. माणसाच्या कंठातून निघतो तो ‘व्हॉइस’. कानाला ऐकू येणारे काहीही म्हणजे ‘साउंड’. नकोसा, त्रास देणारा तो ‘नॉइज’. म्हणूनच आपल्या देशात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले तेव्हा त्यांच्या इंग्रजी नावात साउंड नाही, नॉइज आहे. त्या नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ‘देअर इज टू मच साउंड इन द क्लास’ असे मुले लिहितात. तेथे ‘नॉइज’ पाहिजे.

याच घरातले क्रियापदही फार उपयोगाचे आहे. भोंगा वाजविणे म्हणजे ‘टु साउंड द हॉर्न’. समुद्रावरील टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. दोन जहाजे एकमेकांच्या नजरेत असताना एक आखूड भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतो आहे, दोन म्हणजे डावीकडे वळतो आहे, तीन म्हणजे माझे यंत्र मागे चालले आहे. पाच किंवा अधिक झटपट भोंगे म्हणजे तुमचा इरादा मला कळत नाही. या सगळ्यांना ‘साउंड सिग्नल’ म्हणतात. समुद्रावर भाषा येवो न येवो, एवढा साउंड कळला तरी जीव वाचतो.

आणखी एक प्रयोग. ‘युअर प्लॅन साउंड्स गुड’. येथे योजनेला काही आवाज नाही. ऐकून चांगली वाटते, एवढाच अर्थ. या ठिकाणी ‘वेल’ लिहू नये, ‘गुड’च लिहावे. फोनवर कोणी म्हणाले, ‘यू साउंड टायर्ड’, तर त्याचा अर्थ तुमच्या आवाजावरून तुम्ही थकलेले वाटता. आणि ‘साउंड्स गुड’ म्हणजे ‘इज गुड’ नव्हे, हेही ध्यानात ठेवा. ऐकायला चांगले आणि असायला चांगले यांत पुष्कळ अंतर असते.

दुसरे घर आरोग्याचे. हा शब्द इंग्लंडच्या मातीतला, जर्मनचा सख्खा भाऊ. जर्मनमध्ये निरोगी याला ‘गेझुंड’ म्हणतात. कोणी शिंकला की जर्मन माणूस ‘गेझुंडहाइट’ म्हणतो, म्हणजे प्रकृती चांगली राहो. जुन्या इंग्रजीत ‘गेसुंड’ असा शब्द होता. त्याचा पुढला ‘गे’ झिजून गेला आणि उरला तो साउंड. याचा मूळ अर्थ अखंड, न फुटलेला, न किडलेला, न बिघडलेला. पुढे तो शरीराला लागला, मनाला लागला, विचाराला लागला, पैशालाही लागला. मुंबईच्या बाजारात ‘पार्टी साउंड आहे’ म्हणतात आणि मुलीसाठी स्थळ पाहतानासुद्धा ‘घर साउंड आहे ना?’ असे विचारतात. म्हणजे हा अर्थ आपल्या पालकांना आधीच ठाऊक आहे. तो इंग्रजीच्या पुस्तकातलाच शब्द आहे, एवढे मात्र ध्यानात आलेले नसते.

याला मराठीत एक प्रतिशब्द शोधायला जाल तर सापडणार नाही, कारण मराठी प्रत्येक ठिकाणी आपला वेगळा शब्द वापरते. ‘साउंड स्लीप’ म्हणजे गाढ झोप. ‘साउंड टिंबर’ म्हणजे न किडलेले लाकूड. ‘साउंड अॅडव्हाइस’ म्हणजे पोक्त सल्ला. ‘साउंड बीटिंग’ म्हणजे सडकून मार. ‘सेफ अँड साउंड’ म्हणजे सुखरूप किंवा सहीसलामत. हा ‘सहीसलामत’ पाहा. अरबीत ‘सीन-लाम-मीम’ या मुळाक्षरांपासून सलाम, सलामत, सालिम, सलीम, सलमा हे शब्द होतात. सलीम म्हणजे अखंड, निर्दोष, धडधाकट. अर्थात इंग्रजीत साउंड! या मंडपात जितके सलीम बसले असतील त्यांनी हा अर्थ विसरू नये. उर्दूत ‘अक्ले सलीम’ म्हणतात ते इंग्रजीत ‘साउंड रीझन’ किंवा ‘साउंड माइंड’. कुरआन शरीफातील ‘कल्बे सलीम’ या शब्दांसाठी अब्दुल्ला यूसुफ अली यांनी आपल्या इंग्रजी भाषांतरात ‘साउंड हार्ट’ असेच शब्द योजले आहेत. हे भाषांतरकार १८७२ साली मुंबईत जन्मले होते. शाळेत उर्दू शिकलेल्या मुलाला साउंडचा हा अर्थ समजावून घ्यायला मराठीपेक्षाही सोपा जावा. तेव्हा आपल्या भाषा इंग्रजीच्या आड येतात हा समज सोडून द्या. नीट वापरल्या तर त्याच शिडी होतात.

त्याच १८७२ साली आपल्या देशात कराराचा कायदा झाला, तो आजही लागू आहे. त्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे करार करणारी व्यक्ती सज्ञान असावी लागते, ‘साउंड माइंड’ची असावी लागते आणि कोणत्याही कायद्याने तिला करार करण्यास मनाई केलेली नसावी लागते. ‘साउंड माइंड’ म्हणजे काय ते १२ वे कलम सांगते. करार करतेवेळी त्या माणसाला तो करार समजण्याची आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल हे विवेकाने ठरविण्याची कुवत असली पाहिजे. तापाच्या भरात बडबडणारा माणूस एरवी कितीही शहाणा असला तरी ती अवस्था असेपर्यंत करार करू शकत नाही. कायद्याची ही अपेक्षा कुवतीपुरती आहे. कुवत असलेल्या माणसाने न वाचता सही केली, तर ‘मला इंग्रजी कळत नव्हते’ ही सबब सहसा तारत नाही. आपली किती तरी मुले परदेशी नोकरीच्या करारावर अंगठ्याएवढ्याच बेफिकिरीने इंग्रजी सही ठोकतात. पगार किती, सुटी कधी, पासपोर्ट कोणाजवळ राहणार, परतीचे भाडे कोण देणार, हे वाचलेले नसते. पालकहो, मुलाला सही करायला शिकविलेत, आता सहीच्या वरचा मजकूर वाचायला शिकवा.

महाविद्यालयात तर्कशास्त्र घेणाऱ्यांना हा शब्द पुन्हा भेटेल. ‘कोकणात राहणारे सगळे मासेमारी करतात, सलीम कोकणात राहतो, म्हणून सलीम मासेमारी करतो.’ या युक्तिवादाची बांधणी बरोबर आहे, त्याला ‘व्हॅलिड’ म्हणतात. पण पहिले विधानच खोटे आहे, म्हणून तो ‘साउंड’ नाही. बांधणी बरोबर आणि विधानेही खरी असतील तरच युक्तिवाद साउंड. निवडणुकीची भाषणे ऐकताना ही कसोटी लावून पाहा.

तिसरे घर पाण्याचे. उत्तरेकडच्या नॉर्स भाषेत ‘सुंड’ म्हणजे पोहणे, आणि पोहून ओलांडता येईल एवढे अरुंद पाणी, म्हणजे सामुद्रधुनी. इंग्रजीतील ‘स्विम’ याच कुळातला. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या पाण्याला ‘ओरेसुंड’ म्हणतात. इंग्रज त्याला नुसते ‘द साउंड’ म्हणत. सर्वांत अरुंद जागी ते सुमारे चार किलोमीटर आहे. तेथून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्कच्या राजाने १४२९ पासून जकात घेतली, ती १८५७ साली बंद झाली. अमेरिकेच्या नकाशात न्यूयॉर्कजवळ ‘लाँग आयलंड साउंड’ आणि सिएटल शहराजवळ ‘प्यूजेट साउंड’ सापडेल. भूगोलाच्या पुस्तकात हे नाव आले तर तेथे काही वाजत असेल असे समजू नका. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या योगे तो पाण्यात तरंगतो. तिलाही इंग्रजीत साउंड म्हणतात, कारण मूळ अर्थ पोहण्याचा. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाची ही पिशवी वाळवून माशापेक्षाही महाग विकली जाते, हे कोळीवाड्यात सर्वांना माहीत आहे.

चौथे घर खोलीचे. फ्रेंचमध्ये ‘सोंदे’ म्हणजे पाण्याची खोली मोजणे. काही अभ्यासकांच्या मते तोही मुळात त्या उत्तरेकडच्या ‘सुंड’पासूनच फ्रेंचमध्ये गेला. जुन्या काळी दोरीला शिशाचे वजन बांधून पाण्यात सोडीत. वजनाच्या बुडाशी खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली असे. तळाची वाळू, चिखल, शिंपले त्या चरबीला चिकटून वर येत. दोरीवरच्या खुणांवरून खोली कळे आणि चरबीवरून तळ कसा आहे ते कळे. खोलीचे माप ‘फॅदम’, म्हणजे सहा फूट. फॅदमचा मूळ अर्थ दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर. आपल्याकडे यालाच ‘वांव’ म्हणतात. इंग्रज दर्यावर्दी आणि कोकणातला तांडेल यांनी एकमेकांना न विचारता समुद्र आपापल्या हातांनीच मोजला. अमेरिकेतील मिसिसिपी नदीवर दोन फॅदम, म्हणजे बारा फूट पाणी असले की बोटीवरचा माणूस ‘मार्क ट्वेन’ अशी आरोळी देई. सॅम्युअल क्लेमेन्स हा त्या नदीवर बोटी चालवीत असे. पुढे तो लेखक झाला तेव्हा त्याने हीच आरोळी आपले टोपणनाव म्हणून घेतली.

१८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाच्या इंग्रजी जहाजाने जगभर समुद्राची खोली मोजली. १८७५ साली पॅसिफिक महासागरात एके ठिकाणी त्यांची दोरी ४४७५ फॅदम, म्हणजे आठ किलोमीटरहून अधिक खाली गेली. विसाव्या शतकात दोरीची जागा यंत्राने घेतली. यंत्र पाण्यात आवाज सोडते, तो तळावर आपटून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळावरून खोली कळते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर. समजा प्रतिध्वनी दोन दशांश सेकंदात परत आला. तर आवाज ३०० मीटर गेला. जाण्याचे अर्धे, येण्याचे अर्धे, म्हणून खोली १५० मीटर. या यंत्राचे नाव ‘इको साउंडर’. या नावातला साउंड आवाजाचा नव्हे, खोली मोजण्याचा आहे. आवाज ‘इको’मध्ये आहे. पहिल्या घरातल्या शब्दाने चौथ्या घराचे काम केले, असे म्हणा ना.

जहाजावर टाक्यांचे ‘साउंडिंग’ घेतात ते हेच. नळीतून गज किंवा फीत खाली सोडायची, ओल कोठपर्यंत आली ते पाहायचे आणि वहीत नोंद करायची. जहाजाच्या तळात नको असलेले पाणी शिरू लागले तर ते या मोजणीत कळू शकते. रत्नागिरी-रायगडच्या किती तरी घरांत असे आजोबा होऊन गेले आणि काही ठिकाणी आजही आहेत, ज्यांनी शाळेची पायरी फारशी चढली नाही. पण रोज साउंडिंग घेतले आणि जहाज सांभाळले. नातू पदवीधर आहे आणि त्याला हा अर्थ माहीत नाही. मुलांनो, घरातल्या दर्यावर्दी माणसाला अडाणी समजू नका. जवळ बसा आणि त्यांना विचारा. बंदर, डेक, इंजिनरूम यांतले शंभर-दोनशे इंग्रजी शब्द त्यांच्याकडे आहेत, आणि तेही हाताळलेले.

‘साउंड हिम आउट’ हा प्रयोगही याच घरातला. म्हणजे त्याच्या मनात काय आहे ते हळूच काढून घे. मराठीत आपण ‘मनाचा ठाव घेणे’, ‘थांग लागणे’ म्हणतो. ठाव काय, थांग काय, दोन्ही पाण्याच्या तळाचेच शब्द. दोन दूरच्या भाषांना एकच उपमा सुचली.

आता शेवटी थोडे उपयोगाचे. हे अर्थ ओळखायचे कसे? शेजारी पाहावा. माइंड, हेल्थ, स्लीप, अॅडव्हाइस, बँक यांच्या आधी साउंड आला तर दुसरे घर. मागे ‘अन’ लागून ‘अनसाउंड’ झाला तर निश्चित दुसरे घर, कारण ‘अन’ बाकीच्या तिघांना लागत नाही. नकाशात विशेषनामापुढे आला तर तिसरे. टँक, डेप्थ, फॅदम यांच्या सोबतीला क्रियापद म्हणून आला, किंवा त्यांच्याजवळ ‘साउंडिंग’ असे रूप दिसले, तर बहुधा चौथे. बेल, हॉर्न, अलार्म, म्युझिक असेल तर पहिले. म्हणून शब्दांच्या वहीत ‘साउंड म्हणजे आवाज’ अशी एका ओळीची नोंद करू नका. प्रत्येक अर्थाचे एक वाक्य लिहा. रोज एक शब्द असा घेतलात तरी वर्षाला तीनशेहून अधिक शब्द तुमचे पक्के होतील. त्याला ना शिकवणी लागते, ना फी.

पालकांना एकच विनंती. शेजारच्या मुलाच्या तोंडून फाडफाड इंग्रजी ऐकले की आपण हरखतो आणि मराठी किंवा उर्दू शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलाला कमी लेखतो. इंग्रजीचा आवाज आणि इंग्रजीची समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माध्यम कोणतेही निवडा, तो आपला अधिकार आहे. पण मुलाला आठवड्यातून एकदा एखादा इंग्रजी कागद समोर ठेवून विचारा, ‘बेटा, यात काय लिहिले आहे ते आपल्या भाषेत सांग.’ विजेचे बिल असो, औषधाची चिठ्ठी असो, नोकरीचा करार असो. त्याला सांगता आले तर त्याचे शिक्षण साउंड चालले आहे असे समजा. नाही सांगता आले तर रागावू नका. शिक्षकांना येऊन भेटा. शाळेचे दार त्यासाठीच उघडे आहे.

मुलांनो, घरी जाऊन ‘लाइट’, ‘बँक’ आणि ‘स्प्रिंग’ हे तीन शब्द कोशात काढा आणि प्रत्येकाची किती घरे सापडतात ते आपापल्या वहीत लिहून आणा.